सिगरेट सोडायला वेप (ई-सिगरेट) चालेल का? इंग्लंडचे डॉक्टर हो म्हणतात, आपले नाही काहून म्हणतात?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की 10 वर्षांपासून सिगरेट आहे, मित्राने दुबईहून वेप आणून दिलंय आणि आता फॅमिली डॉक्टरला विचारू की नको. विचाराच. मी दोन वर्षांआधी सेम हाच प्रश्न घेऊन आमच्या डॉक्टरांकडे गेलो होतो, वेप खिशात लपवून, पण त्यांना आधीच स्ट्रॉबेरीचा वास आला.

रागावले वगैरे नाही. चष्मा वर करून डबीवरचं बारीक अक्षर वाचलं, निकोटीन 5 टक्के. म्हणाले, "तुझा भाऊ इंग्लंडात जे ओढतो त्यात जास्तीत जास्त 2 टक्के असतं, तिथे कायदाच आहे तसा. हे त्याच्या अडीच पट आहे, आणि 5 तरी खरं आहे का हे मले कोण सांगणार?"

माझा मावसभाऊ लीड्सला असतो, त्याला तिथल्या जीपीने, म्हणजे त्यांच्या फॅमिली डॉक्टरने, खरंच वेप सुचवलं होतं. पण सिगरेट पूर्ण बंद, दोन्ही सोबत नको, आणि नंतर वेपही हळूहळू सोड असं. तिकडे 2015 मध्ये सरकारी आरोग्य खात्याने वेप सिगरेटपेक्षा 95 टक्के कमी घातक असा अंदाज दिला (त्या आकड्यावरून त्यांच्यातच भरपूर भांडणं झाली). मग 2019 मध्ये 886 लोकांवरचा अभ्यास आला, वर्षाने वेपवाल्यांपैकी 18 टक्के सिगरेटपासून सुटले, निकोटीनची च्युइंगम किंवा पॅच (कातडीवर लावायची पट्टी) अशा गोष्टी वापरणाऱ्यांपैकी 9.9 टक्के. म्हणजे वेप जिंकलं ना, हे मी डॉक्टरांना ऐटीत सांगितलं, तर ते म्हणाले पुढचं पण वाच, त्या सुटलेल्यांपैकी 80 टक्के लोक वर्षानंतरही वेप ओढतच होते.

आपल्याकडे तर सप्टेंबर 2019 पासून बंदीच आहे, विकणं, आयात करणं, साठवणं सगळं, पहिल्यांदा विकताना किंवा आयात करताना सापडलं तर 1 वर्षापर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मित्राला सांगून ठेवा. त्यामुळे इथला डॉक्टर वेप घे म्हणणार कसा, जे मिळतं ते चोरून आणलेलं, आत काय भरलंय त्याची कोणी तपासणी करत नाही.

मग त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, सकाळी उठल्यावर पहिली सिगरेट किती मिनिटांनी? मी म्हटलं, ब्रशच्या आधी. अर्ध्या तासाच्या आत असेल तर 4 मिलीग्रॅमची निकोटीन गम, नंतर असेल तर 2 ची पुरते. 2 ची मेडिकलमध्ये अशीच मिळते, 4 ला चिठ्ठी लागते. आणि मी काय केलं, ती साध्या च्युइंगमसारखी कचाकचा चावली, उचक्या, मळमळ, दोन दिवसांत फेकली. परत गेलो तर डॉक्टर हसले, "अरे, नागपूरचा आहेस ना, तंबाखू-सुपारीचा खर्रा गालात कसा दाबतात पाहिलं नाही का? दहाबारा वेळा चाव, झिणझिणलं की गालात दाबून ठेव, चव गेली की परत चाव." खर्रा सोडवणारा डॉक्टर खर्र्याचंच उदाहरण देतो म्हणजे काय बाप्पा. पण तेव्हाच जमलं. अजून एक, चहानंतर पंधरा मिनिटं गम नाही, नाहीतर निकोटीन नीट शोषलंच जात नाही, आणि आपली तर तलबच तर्री पोह्यानंतरच्या चहासोबत येते, मी तो चहाच दोन महिने बंद ठेवला.

मध्ये एका लग्नात घसरलो, चार दिवस. परत गम सुरू केली. आता 14 महिने झाले. डॉक्टरकडे जायला लाज वाटत असेल तर 1800-11-2356 ही सरकारची फुकट क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणारी फोनलाइन आहे, पण माझं ऐका तर दवाखान्यातच जा आणि ते वेप सोबत न्या, फक्त खिशात लपवू नका, वास येतोच.