दुडकीत मी उजवीकडे कलतो, पण मला कळत नाही. कमरेला लावायचा सेन्सर घ्यावा का?

कोल्हापुरात घोडेस्वारी शिकताय, दुडकीत (ट्रॉटमध्ये) कलता म्हणून उस्ताद रोज ओरडतात आणि तुम्हाला मात्र आपण सरळच बसलोय असं वाटतं. मी इथंच रपेट करतो आणि पोटापाण्याला इन्स्ट्रुमेंटेशनचं, म्हणजे मोजणाऱ्या यंत्रांचं काम करतो, म्हणून सांगतो: सेन्सर घ्या, पण आधी टेप घेऊन रिकिबीचे (पाय ठेवायच्या कड्यांचे) पट्टे मोजा.

आपण सगळे डावीकडूनच चढतो. चढताना सगळा भार डाव्या पट्ट्यावर येतो आणि कातडं हळूहळू ताणतं. दोन्हीकडे तेच भोक लावलं तरी डावी रिकीब बोटभर खाली लटकू शकते. मग कंबर वाकडी होणारच. पट्टे अधूनमधून अदलाबदल करा. जादा भोक लागलं तर चप्पल लाइनीत, म्हणजे कोल्हापुरी चपलांच्या बाजारात, कुणीही पाडून देईल. एवढ्यानं भागलं तर पैसे वाचले.

नाही भागलं तर सेन्सर बघा. त्यात ॲक्सिलरोमीटर (वेगातला बदल मोजणारा) आणि जायरोस्कोप (वळण्याचा वेग मोजणारा) दोन्ही हवेत. नुसत्या ॲक्सिलरोमीटरवर कल दाखवणारं ॲप दुडकीत फसतं, कारण आपटण्याचा धक्का कुठला आणि कल कुठला हे त्याला वेगळं करता येत नाही. दुसरं म्हणजे नोंदीचा वेग. दुडकीत घोड्याची पाठ सेकंदाला साधारण अडीच-तीन वेळा उसळते. सेकंदाला 10 नोंदी घेणारं यंत्र एका उसळीचे तीन-चार ठिपके देतं, त्यातून काय दिसणार? 100 नोंदींवालं घ्या. दिशा चुंबकावरून दाखवत असेल तर त्या आकड्याकडे दुर्लक्ष करा, आजूबाजूला लोखंड असतं.

खरी मेख शून्य ठरवण्यात आहे. सेन्सर पाठीच्या तळाशी, माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावर, थेट कातडीला टेपनं चिकटवायचा. शर्टावर लावला तर तो शर्टाची हालचाल मोजतो. सपाट जमिनीवर घोडा उभा करायचा आणि उस्तादांना मागून बघायला सांगायचं. ते ‘आता सरळ’ म्हणतील तेव्हाच शून्य धरायचं. स्वतःच्या अंदाजानं धरलंत तर तुमचा कलच शून्य ठरेल आणि पुढचे सगळे आकडे छान येतील.

मग डाव्या गोलात फिरा, उजव्या गोलात फिरा. दोन्हीकडे कल उजवीकडेच येत असेल तर घोडा बदलून बघा, खोगीर तेच ठेवा. कल गेला तर दोष तुमच्या बसण्यात नव्हता, पहिल्या घोड्याची पाठ तपासून घ्या. राहिला तर खोगीर बदला. तरीही राहिला तर मात्र तुम्हीच.

कललं की थरथरणारे सेन्सरही मिळतात. मला ते फारसे पटत नाहीत, माणूस थरथर चुकवायच्या नादात अंग ताठ करतो आणि दुडकीत ताठ अंग म्हणजे आणखी आपटणं. रपेट संपल्यावर आलेख बघितलेला बरा.

बऱ्याच मोबाईलमध्येही हे दोन्ही सेन्सर असतात आणि ‘फायफॉक्स’ या फुकट ॲपवर त्यांचे आलेख दिसतात, पण मोबाईल कण्यावर बांधून दुडकी करू नका. पडलात तर तो थेट मणक्यात घुसेल. कुणीतरी लगाम धरून घोडा चालवत असेल, तेवढ्यापुरताच बांधा.