भाताच्या शिवारात प्लॉट पाडण्याआधी

प्रश्न : बेळगावच्या बळ्ळारी नाल्याला लागून आम्हा दोघा भावांची 2 एकर भातजमीन आहे. धाकट्याला विकायची आहे, मला कसायची आहे. एजंट म्हणतो, मुरूम टाकून बॉण्डवर (नोंदणी न करता, नुसत्या स्टॅम्पपेपरवर) प्लॉट विका, एनए (बिगरशेती परवानगी) नंतर बघू. काय करावे?
— एक वाचक, वडगाव

उत्तर : बॉण्डचा विषय आधी डोक्यातून काढा. बॉण्डवर पैसा हातात येतो, पण मालकी जात नाही. उताऱ्यावर नाव तुमचेच राहते आणि घेणाऱ्यांची भांडणे तुमच्या दारात येतात. बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) मास्टर प्लॅनमध्ये तुमचा सर्व्हे नंबर कुठल्या झोनमध्ये पडतो ते सर्वांत आधी पाहा. शेती झोन असेल तर एजंटचे ‘नंतर’ सहसा उगवत नाही. निवासी झोन असेल तर कर्नाटकच्या 1964 च्या जमीन महसूल कायद्याच्या कलम 95 खाली बिगरशेती परवानगी घ्या आणि मग ले-आऊट मंजूर करून घ्या.

वाटणी करताना रस्त्याकडची बाजू विक्रीला आणि नाल्याकडची शेतीला ठेवा. दोन्हींचा भाव सारखा नाही, म्हणून निम्मी-निम्मी करू नका. उदाहरणार्थ, 80 गुंठ्यांतले 34 धाकट्याला आणि 46 तुम्हाला. वाटणीपत्र नोंदवा, त्यावर बहिणींच्याही सह्या घ्या. त्याआधी 11-ई नकाशा (वाटणीचा मोजणी नकाशा) आणि नंतर पोडी (हिश्श्यांचे वेगळे नंबर) करून घ्या. आरटीसीच्या (उताऱ्याच्या) तिसऱ्या रकान्यात ‘ब’ खराब (लागवडीबाहेरची सार्वजनिक जागा) दाखवले असेल तर तो नाल्याचा किंवा वाटेचा भाग. तो विकता येत नाही.

एजंटचा हिशोब असा असतो : 34 गुंठे म्हणजे 37,026 चौरस फूट, 30 बाय 40 चे 30 प्लॉट. रस्ते, उद्यान आणि नागरी सुविधांची जागा सोडली की निम्म्याच्या आसपास उरते, म्हणजे साधारण 15. भाव याच आकड्यावर ठरवा.

प्रश्न : शेजारच्या ले-आऊटने भराव घातल्यापासून आमच्या भातात पाणी तुंबते. उपाय काय?
— एक वाचक, येळ्ळूर

उत्तर : बांधांत सहा इंच पाणी उभे राहिले तर एकरी सुमारे 6 लाख लिटर साठते. ती जागा भरावाने बुजली की पाणी शेजारच्याच्या शेतात शिरणारच. वर 3 फूट भराव म्हणजे एकरी 1,300 ब्रासहून (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) जास्त मुरूम, त्यामुळे एकदा पडला की कोणी उचलत नाही. हरकत भराव पडण्याआधीच घ्यायला हवी.

आता नव्या रस्त्याखालचा पाइप तपासा. तो पाटाच्या तळापेक्षा वर बसवलेला असणे ही नेहमीची चूक. मग पाइपच्या पातळीखालचे पाणी हटतच नाही, भातकापणीनंतर वाफसा लांबतो आणि मसुराची पेरणी हुकते. पाइप तळाला बसवायला लावा. त्याहून बरा उघडा पाट, कारण जलपर्णी अडकली तर फावड्याने काढता येते. तहसीलदारांकडे अर्ज करताना सर्व्हे नंबर, पाणी उभे असतानाचे तारखेसह फोटो आणि जुना नकाशा जोडा. नुसत्या तक्रारीला कोणी विचारत नाही.

ले-आऊट अजून सुरू झाला नसेल तर वरची सहा इंच काळी माती मागून घ्या. एकरी ती 217 ब्रास भरते आणि बिल्डरला नकोच असते.

प्रश्न : शेतकरी नसलेल्याला शेत विकता येते का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : कर्नाटकच्या जमीन सुधारणा कायद्यातील 2020 च्या दुरुस्तीनंतर येते. पण अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला सरकारने दिलेली जमीन असेल तर 1978 च्या कायद्याप्रमाणे सरकारची पूर्वपरवानगी लागते. ती नसेल तर विक्री रद्द ठरते.