‘ग्राहक कमरेला बांधावा’

नौपाड्यातल्या एका ताईंनी विचारलंय : सासऱ्यांची सोमवारी कॅप्सूल एंडोस्कोपी आहे, म्हणजे कॅमेरा असलेली कॅप्सूल गिळून करायची आतड्याची तपासणी. सूचनांच्या मराठी कागदावर छापलंय, ‘ग्राहक कमरेला बांधावा, ओला करू नये.’ सासरे म्हणाले, “अगं, ग्राहक मीच ना?” कॅप्सूलने पाठवलेली चित्रं घेणाऱ्या यंत्राला, म्हणजे रिसीव्हरला, ‘ग्राहक’ म्हणणं बरोबर आहे का?

ताई, व्युत्पत्तीने बरोबर, वापरात साफ चूक. ‘ग्रह्’ म्हणजे घेणे, घेणारा तो ग्राहक. पण आपलं ‘गिऱ्हाईक’ त्यातूनच आलं. गावदेवी मंडईपासून वीजबिलापर्यंत ग्राहक म्हणजे माणूसच. सासऱ्यांचं काही चुकलं नाही.

काही जण ‘ग्राही’ सुचवतात. इथे तर तो मुळीच नको! आयुर्वेदात ग्राही म्हणजे मल बांधून धरणारं. कुडा, कच्चं बेलफळ ही ग्राही द्रव्यं. आणि ही कॅप्सूल तर शौचावाटे बाहेर पडायची असते.

आता यंत्राचं काम बघू, शब्द त्यातच सापडतो. कॅप्सूल जेमतेम २६ मिलिमीटर लांब. आत कॅमेरा, दिवे, बॅटरी आणि ट्रान्समीटर. अमेरिकेत २००१ साली मान्यता मिळालेली पहिली कॅप्सूल सेकंदाला २ चित्रं काढायची, म्हणजे ८ तासांत ५७,६०० चित्रं. ती रेडिओ लहरींवरून बाहेर येतात. शरीरातून येताना लहरी क्षीण होतात, म्हणून पोटावर एक नाही, अनेक सेन्सर चिकटवतात. कुठल्या सेन्सरकडे लहर जोरात आली, त्यावरून कॅप्सूल साधारण कुठे पोचली तेही कळतं.

ट्रान्समीटरला आपण ‘प्रक्षेपक’ म्हणतो. त्यातला ‘क्षेप’ म्हणजे फेकणे. एकाने फेकायचं, तर दुसऱ्याने झेलायचं! मला इथे ‘झेलणे’ फार आवडतं. ‘टिपणे’ही मनात आलं होतं, पण चित्र टिपतो तो कॅमेरा, दोघांना एकच क्रियापद दिलं की घोटाळा. ‘वायरलेस’ला मात्र ‘बिनतारी’ खुशाल लिहावं, अगदी घरचा शब्द आहे.

नाम ‘रिसीव्हर’च ठेवा. तपासणीच्या खोलीत सासऱ्यांच्या कानावर तोच शब्द पडणार. समजावण्याचं काम क्रियापदाकडे द्या :

‘कॅप्सूलने पाठवलेली चित्रं कमरेचा रिसीव्हर झेलतो आणि साठवून ठेवतो. तपासणी संपेपर्यंत तो काढू नका, भिजवू नका.’

रविवारी हे त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. कुठे अडखळले तर कळवा, तो शब्द बदलू.