टोपी पुन्हा पुन्हा का पडते?

प्रश्न : एका मुलाच्या वाढत्या वयाची सहाशे पानी कादंबरी मी चार दिवसांत वाचून काढली. जेवतानासुद्धा खाली ठेववेना. पण मैत्रिणीला गोष्ट सांगायला बसले तर पाच वाक्यांत संपली. एवढ्याशा गोष्टीनं मला कसं धरून ठेवलं? आणि पुन्हा वाचली तर गोडी जाईल का?

उत्तर : तुम्हाला धरून ठेवलं ते सांगणाऱ्यानं. अशा कादंबरीतल्या ‘मी’मध्ये दोघं जण असतात : ज्याच्यावर प्रसंग ओढवतो तो पोरगा, आणि पुढे कधीतरी तो आठवणारा मोठा माणूस. दोघांच्या समजुतीत जे अंतर असतं, तिथेच वाचक गुंततो.

इंग्रज कादंबरीकार डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ घ्या. 1860-61मध्ये ती साप्ताहिकातून क्रमशः आली. तिचा नायक पिप. त्याच्या मोठ्या बहिणीचा नवरा ‘जो’ नावाचा लोहार. त्याच्या मायेत पिप वाढला. पुढे पिपला पैसा मिळतो, तो लंडनमध्ये साहेब होऊन राहतो आणि हा लोहार जो त्याला भेटायला येतो. टोपी कुठे ठेवावी हे जोला कळत नाही. तो ती शेकोटीवरच्या फळीच्या कडेला ठेवतो, ती पडते, तो उचलतो, ती पुन्हा पडते. मधूनच तो पिपला ‘सर’ म्हणतो. तरुण पिप नुसता वैतागतो. सांगणारा पिप मात्र कबूल करतो की चूक आपली होती; आपण मोकळे वागलो असतो तर जोही मोकळा झाला असता. वैताग आणि शरम आपण एकदमच वाचतो. गोष्ट सांगताना टोपी गळून जाते, म्हणून तुमची पाच वाक्यं कोरडी वाटली.

गोडी जाणार नाही, फक्त लगेच वाचू नका. महिनाभर जाऊ द्या. मग सगळं पुस्तक न घेता तीनच प्रसंग निवडा : पहिला, शेवटचा, आणि मधला एखादा, जिथे नायकाला कुणाची तरी लाज वाटते. हातात पेन्सिल ठेवा. मुलानं त्या क्षणी जे पाहिलं, ऐकलं त्याखाली रेघ. मोठेपणीची समज बोलते तिथे समासात टिंब. ‘बाबांनी चष्मा पुसला, पण ते काही बोलले नाहीत’ याला रेघ. ‘ही त्यांची रडू लपवायची रीत होती, हे मला फार उशिरा कळलं’ याला टिंब. चांगल्या लेखनात टिंबं थोडी असतात आणि नेमक्या जागी येतात. पानभर टिंबंच दिसली तर मोठा माणूस उपदेश करू लागला आहे, आणि पकड तिथेच सुटते. एकही टिंब नसेल तर मुलाला न कळलेलं आपल्याला कशातून कळलं ते शोधा. बहुधा दुसऱ्या कुणाच्या हातवाऱ्यातून किंवा अर्धवट तोडलेल्या वाक्यातून.

शिवाय एका कागदावर डावीकडे नायकाचं वय आणि उजवीकडे त्या वयाला दिलेली पानं मांडा. एका दुपारीला तीस पानं आणि दोन वर्षांना अर्धं पान, असं निघेल. लेखकाचा जीव कशात आहे ते इथे उघडं पडतं. मोजताना प्रकरणं धरू नका. प्रकरण आणि वर्ष क्वचितच जुळतात, आणि मग हिशेब फसतो.

प्रश्न : माझी आवडती कादंबरी चौदा वर्षांच्या भाचीला दिली. चाळीस पानांनंतर तिनं ठेवून दिली. काय चुकलं?

उत्तर : बहुधा पुस्तकाची निवड. मोठेपणी मागे वळून सांगितलेल्या गोष्टीतली हुरहुर पुष्कळदा बालपण मागे टाकलेल्या वाचकासाठी असते. चौदाव्या वर्षी ती लांबण वाटू शकते. तिला नायकाच्या वयातूनच, घडेल तसं सांगितलेलं पुस्तक द्या, रोजनिशीच्या रूपातलं असेल तर उत्तमच. नायक तिच्याहून वर्ष-दोन वर्षांनी मोठा असावा. पहिलं प्रकरण वीस मिनिटं मोठ्यानं वाचून दाखवा आणि प्रसंगाच्या मधेच थांबा. ‘यातून तुला शिकायला मिळेल’ हे वाक्य मात्र तोंडातून जाऊ देऊ नका. त्यानं पुस्तकाचा अभ्यास होतो. ठेवून दिलेलं पुस्तक परत मागू नका, तिच्याकडेच असू द्या.