पश्चिम चीनचा ‘अनुशेष’ म्हणावे का?

पुण्यातील एका अनुवादक बाईंनी विचारले आहे, की चीनच्या प्रादेशिक विकासावरील लेखात ‘जर्मनीतील ड्यूसबुर्गपर्यंत जाणाऱ्या मालगाड्यांमुळे पश्चिम चीनचा अनुशेष भरून निघण्यास मदत झाली’ असे लिहिणे योग्य आहे का. माझ्या मते येथे ‘अनुशेष’ वापरू नये.

‘अनु’ म्हणजे मागून आणि ‘शेष’ म्हणजे उरलेले, एवढेच पाहिले तर मागे पडलेल्या कोणत्याही प्रदेशाला हा शब्द चालेल असे वाटते; पण महाराष्ट्राच्या विकासचर्चेत तो रुळला तो हिशेबासह. १९८३ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे माजी संचालक वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली राज्यातील प्रादेशिक असमतोल तपासण्यासाठी सत्यशोधन समिती नेमली गेली. तिने रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, आरोग्य अशा एकेका क्षेत्रात राज्याची सरासरी काढली, जो जिल्हा तिच्या खाली असेल त्याला तेथवर येण्यास किती कमी पडते ते मोजले आणि ती उणीव भरण्याचा खर्च रुपयांत मांडला. तो सुमारे ३,१८७ कोटी रुपये निघाला, आणि त्यात विदर्भ-मराठवाड्याबरोबर उर्वरित महाराष्ट्राचाही एक तृतीयांशाहून अधिक वाटा होता, हे सहसा कोणी सांगत नाही. नोकरभरतीतील अनुशेषही असाच असतो: राखीव जागा किती ते ठरलेले आणि भरल्या किती ते मोजलेले. ‘भरून काढणे’ हे क्रियापद या शब्दाला जडले ते त्यामुळेच. भरायचे तर माप आधी हवे.

चीनमध्ये घडले ते निराळे. १९८० पासून शेन्झेन, झुहाय, शान्तोउ आणि शियामेन या किनाऱ्यावरील ठिकाणी विशेष आर्थिक क्षेत्रे उघडून परकीय भांडवल व निर्यात तेथे एकवटली गेली, आणि किनाऱ्याने आधी पुढे जावे, मग अंतर्भागाला हात द्यावा, हा क्रम चीनचे तेव्हाचे सर्वोच्च नेते डंग श्यावफिंग यांनी १९८८ मध्ये उघडपणे मांडला. पश्चिम विकासाचा कार्यक्रम सुरू झाला तो २००० साली. म्हणजे पश्चिमेचे ठरलेले देणे थकले नव्हते, तिची पाळीच उशिरा लावली होती. २०११ पासून पश्चिम चीनमधील चोंगचिंग शहरात जुळणी झालेले लॅपटॉप कझाकस्तान, रशिया, बेलारूस आणि पोलंड ओलांडून रेल्वेने जर्मनीत जाऊ लागले; त्याने नवा व्यापार उभा राहिला, मोजून ठेवलेली उणीव भरली गेली नाही.

‘असमतोल’ हा पर्यायही सुचतो, परंतु असमतोल संपूर्ण देशाच्या विकासात असतो, एकट्या पश्चिम चीनचा नसतो. मी वाक्य असे लिहीन: ‘ड्यूसबुर्गपर्यंत जाणाऱ्या मालगाड्यांमुळे किनारपट्टी आणि पश्चिम चीन यांच्या विकासातील तफावत कमी होण्यास मदत झाली.’