धारेची वेळ, अभ्यासाची वेळ

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. विट्याजवळ चार एकर शेती, पाच गाई. मुलगा २४ वर्षांचा, बी. एस्सी. झालेला, तीन वर्षं पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून राज्यसेवेची तयारी करतोय. पूर्व परीक्षा दोनदा हातची गेली. खोली, मेस, अभ्यासिका धरून महिन्याला अकरा हजार तुम्ही दुधाच्या बिलातून पाठवता. दिवाळीनंतर त्याला सोडायला गेलात, तेव्हा भिंतीवर एकावर एक चिकटवलेली चार वेळापत्रकं दिसली. सगळी पहाटे पाचला सुरू होणारी, चौदा-चौदा तासांची. तेव्हापासून तुम्ही रोज पाचला फोन करून त्याला उठवता. तो 'उठलोय' म्हणतो आणि परत झोपतो, हे तुम्हालाही कळतं. आणि शेवटी विचारलंय, 'पोराला शिस्त कशी लावू? अजून किती वर्षं थांबू?'

पहाटेचा फोन उद्यापासून बंद करा, हे सगळ्यात आधी सांगते. तुमची तळमळ मला कळते. पण त्या फोनमुळे त्याच्या दिवसाची सुरुवात वडिलांशी खोटं बोलून होते, आणि ते ओझं घेऊन तो अभ्यासिकेत जातो. शिवाय दुसऱ्याच्या हाकेनं उठणारा माणूस हाक थांबली की झोपतो.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पेनानं अधोरेखित करून ठेवलंय. 'आमचं काय, धारेची वेळ झाली की हात आपोआप बादलीकडं जातात.' तुम्ही ते सहज लिहून गेलात. ही शिस्त आहे असं तुमच्या मनातही आलं नाही, आणि मुलाला जे सांगायचंय ते सगळं त्यातच आहे. धार चुकली तर कास दाटते, दगडी म्हणजे कासेला सूज येण्याची भीती. उशीर झाला तर डेअरीतला काटा बंद होतो. म्हणजे वेळ तुम्ही मनाच्या जोरावर पाळत नाही, ती गाईनं आणि डेअरीनं बांधून दिलेली आहे. घरात लग्न असो, मयत असो, गोठ्यात कुणीतरी बसतंच. तुम्हाला ताप आला त्या दिवशी शेजाऱ्यानं धार काढली असेल, पण दुसऱ्या दिवशी तुम्ही होतातच. 'एक वेळ चुकलीच आहे, आता सोमवारपासून नव्यानं बघू' असं गोठ्यात कुणी म्हणत नाही.

तुमच्या मुलाच्या भिंतीवर मात्र नेमकं हेच झालंय. तो आळशी आहे असं मला वाटत नाही. आळशी मुलगा चार वेळा वेळापत्रक लिहीत नाही. चौदा तासांचं वेळापत्रक चौथ्या-पाचव्या दिवशी मोडणारच, आणि मोडलं की तो सगळंच सोडतो, अपराधी वाटून घेतो, मग नवा कागद घेतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सवय कशी लागते यावर केलेला अभ्यास २०१० मध्ये छापून आला. ९६ जणांनी रोज करायची एकेक साधी गोष्ट निवडली होती. कुणी जेवणाबरोबर फळ खायचं, कुणी संध्याकाळी पळायचं. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण माणसामाणसांत फरक मोठा होता, १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. आणि मधे एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागायची थांबली नाही. ही शेवटची गोष्ट त्याला जरूर सांगा. मोडलेला दिवस त्याला वाटतो तेवढा महाग नाही. त्या दिवसानंतर वाया घालवलेला आठवडा महाग पडतो.

मग बांधायचं काय? फार थोडं. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. नऊ पेपर, त्यातले मराठी आणि इंग्रजी फक्त पात्रतेचे, उरलेल्या सात पेपरांचे १७५० गुण. पर्यायावर गोल रंगवायचे दिवस मुख्य परीक्षेपुरते गेले, आता हातानं लिहायचंय. वेळेत, मुद्देसूद, पानामागून पान. हे वाचून येत नाही. धार काढायची कशी हे पुस्तकात वाचून तुम्हाला आलं असतं का? म्हणून त्याच्या दिवसात एकच गोष्ट अढळ ठेवायची. सकाळच्या चहानंतर, मोबाइल खोलीत ठेवून, अभ्यासिकेतल्या त्याच जागेवर बसून एका प्रश्नाचं उत्तर घड्याळ लावून लिहायचं. वेळ त्यानं ठरवावी. तो रात्री बारापर्यंत जागणारा असेल तर पाच वाजताचा हट्ट कशाला? आठ चालतील, पण आठ म्हणजे आठ. बाकीचं वाचन त्याभोवती हळूहळू बसत जातं.

पूर्व परीक्षा नेमकी कशामुळे गेली हे पत्रात नाही, ते त्याला शांतपणे विचारा. दुसऱ्या पेपरात, म्हणजे उतारे, गणित आणि तर्काच्या सीसॅटमध्ये, ३३ टक्के पडले नाहीत तर पहिला पेपर कितीही चांगला जाऊन उपयोग नसतो. विज्ञान शाखेच्या मुलांना गणित येतं, ती उताऱ्यांवर अडखळतात. तसं असेल तर रोज दोन उतारे, त्याच वहीत.

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीची वही आठवते. दोनशे पानी, पुठ्ठा सुटलेला. प्रत्येक पानावर वर तारीख, डाव्या समासात सुरू केल्याची वेळ आणि संपल्याची वेळ. सुरुवातीची उत्तरं वीस-बावीस मिनिटांची, शेवटाकडची नऊ-दहा मिनिटांची. मधे एका पानावर जेमतेम चार ओळी, अक्षर वाकडंतिकडं, आणि खाली लिहिलेलं, 'ताप १०२'. मी तिला म्हटलं, त्या दिवशी नसतं लिहिलं तरी चाललं असतं. ती म्हणाली, 'मॅडम, चार ओळी लिहिल्या म्हणून दुसऱ्या दिवशी बसायला जड गेलं नाही.' राज्यसेवेत ती थोडक्यात राहिली. कर सहायक म्हणून लागली. आता कार्यालयात जायच्या आधी लिहिते, नवी वही सुरू आहे. तिच्यासारखा रतीब घालणारं मूल कुठेही गेलं तरी मला त्याची काळजी वाटत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, किती थांबायचं. खुल्या प्रवर्गाला ३८ वर्षांपर्यंत बसता येतं, पण म्हणून ३८ पर्यंत घरच्या पैशावर बसायचं असा त्याचा अर्थ नाही. माझं स्पष्ट मत असं की पुढच्या पूर्व परीक्षेपर्यंत तुम्ही पैसे पाठवा. त्यानंतर निकाल काहीही लागो, त्यानं कमवायला लागावं आणि तयारी नोकरी सांभाळून करावी. गट-कच्या परीक्षा आहेत, बी. एस्सी.वर मिळणारी कामं आहेत. 'नोकरी धरली की अभ्यास संपला' असं पेठेतली मुलं एकमेकांना सांगतात, आणि त्या भीतीपोटी वर्षं जातात. कोल्हापुरातल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे तुम्हाला माहीत असेलच. २००९ मध्ये क्रीडा प्रबोधिनीत गेला, २०१५ मध्ये रेल्वेत नोकरीला लागला, तिकीट तपासनीस म्हणून. २०२२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत चौथा आला, आणि १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ऑलिंपिक कांस्य घेतलं. मधल्या वर्षांत ऑलिंपिक पदक नव्हतं, सराव होता. आणि दर महिन्याचा पगारही होता. रोजचं एक उत्तर बांधलेलं असेल तर तुमच्या मुलालाही नोकरीची भीती वाटायचं कारण नाही, कारण ते उत्तर नोकरीच्या दिवसातही मावतं.

पुढच्या खेपेला पुण्याला जाल तेव्हा ती चारही वेळापत्रकं काढायला लावा, पण रागावून नको. एक चांगली जाड वही घेऊन जा.

आणि फोन करा, पण रविवारी संध्याकाळी, दूध घालून आल्यावर. 'किती तास केलास?' हे विचारू नका. आठवड्यात लिहिलेलं एक उत्तर वाचून दाखव म्हणावं. प्रश्न दुधाच्या दराचा निघाला, पाण्याचा निघाला, तर त्यात काय चुकलंय ते तुम्हीच त्याला सांगू शकाल.