वाचकांचे प्रश्न : वायरलेसवर निरोप अर्धाच का पोचतो?

प्रश्न : जुलै २०२१ च्या पुरात महाड परिसरात मोबाइल बंद पडल्यावर काय हाल झाले, ते आम्ही अनुभवले आहे. आता आमच्या बचाव पथकाकडे गाडीत बसवलेला एक वायरलेस संच आणि चार वॉकीटॉकी आहेत. सरावात मात्र निम्मे निरोप तुटक येतात आणि दरीत उतरलेल्या माणसाचा आवाज गाडीपर्यंत पोचतच नाही. संच सदोष असतील का?
— एक वाचक, महाड

उत्तर : संच बहुधा ठीक असावेत, आधी बोटाची सवय तपासा. बटण दाबल्याबरोबर तोंड उघडले, तर संच प्रक्षेपण सुरू करीपर्यंत पहिला शब्द निसटतो, आणि मध्ये रिपीटर, म्हणजे निरोप पकडून पुढे पाठवणारा संच, असेल तर आणखी थोडा वेळ जातो. म्हणून बटण दाबावे, एक सेकंद थांबावे, माइक तोंडापासून दोन-तीन बोटे दूर धरून नेहमीच्या आवाजात बोलावे आणि शेवटचा शब्द पूर्ण झाल्यावरच बटण सोडावे.

शेवटच्या शब्दाबद्दल मी मुद्दाम सांगतो आहे, कारण मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘दोर सोडू नका’ म्हणताना बोट किंचित आधी उचलले गेले, तर पलीकडे ‘दोर सोडू’ एवढेच पोचते. एका सरावात मी स्वतः हे ऐकले आहे. दोराला दगडांची गोणी बांधलेली होती म्हणून निभावले. तेव्हापासून मी पथकांना नकारार्थी आज्ञा देऊच देत नाही. ‘दोर धरून ठेवा’ म्हणावे, आणि ऐकणाऱ्याने तेच शब्द परत म्हणून दाखवावेत. आकड्यांचेही तसेच आहे. खरखरीत ‘सत्तावीस’ आणि ‘सदतीस’ सारखेच ऐकू येतात, म्हणून ‘दोन, सात’ असे एकेक अंक सुटे सांगावेत.

हाक मारताना ज्याला बोलवायचे त्याचे नाव आधी आणि आपले नंतर : ‘तळ, तळ, दरी-दोन बोलतोय, ओव्हर.’ ‘ओव्हर’ म्हणजे माझे बोलून झाले, आता तुम्ही बोला. ‘आउट’ म्हणजे संभाषण संपले. ही दोन्ही एकत्र म्हणण्यात अर्थ नाही. ‘रॉजर’चा अर्थ निरोप मिळाला एवढाच आहे, होकार नव्हे. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे असते, त्यामुळे एकाचे बटण चुकून दाबलेले राहिले तरी सगळ्या पथकाचा संपर्क तुटतो. जखमींची नावे हवेत सांगू नयेत, कारण साध्या संचावरचे बोलणे त्या चॅनेलवरचा कोणीही ऐकू शकतो.

आता दरीचा प्रश्न. असे संच ज्यांवर चालतात त्या व्हीएचएफ आणि यूएचएफ या रेडिओ लहरी बव्हंशी समोरासमोरच्या रेषेत जातात. मध्ये सह्याद्रीची सोंड आली की संपर्क तुटतो. शिवाय गाडीतल्या संचाची शक्ती साधारण २५ वॅट आणि टपावर उंच अँटेना असते, तर हातातला संच फार तर ५ वॅटचा असतो. त्यामुळे गाडीचे बोलणे दरीत स्वच्छ ऐकू येते, पण दरीतले उत्तर गाडीला मिळत नाही, आणि खालच्या माणसाला वाटते की वरचे मुद्दाम बोलत नाहीत. अशा वेळी चौथा वॉकीटॉकी घेऊन एका शांत डोक्याच्या माणसाला अशा सोंडेवर बसवा, जिथून दरी आणि गाडी दोन्ही दिसतात. त्याने दोन्हीकडचे निरोप शब्दशः पोचवावेत. दरीतल्याने संच कमरेवरून काढून चेहऱ्यासमोर, अँटेना उभी ठेवून धरावा, कारण आपले शरीर लहरी अडवते. एवढे करूनही आवाज आला नाही, तर चार पावले बाजूला सरकून पुन्हा बोलावे. कित्येकदा तेवढ्याने संपर्क होतो.

प्रश्न : पथकातल्या एकाने हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना काढला, तर तेवढ्यावर सगळ्यांना संच वापरता येतील का?
— त्याच पथकातील एक सदस्य

उत्तर : नाही. हॅम परवाना परीक्षा देणाऱ्या व्यक्तीला मिळतो, पथकाला नाही. पथकाच्या संचांसाठी केंद्रीय दूरसंचार विभागाच्या वायरलेस नियोजन व समन्वय शाखेकडून ठरावीक फ्रिक्वेन्सी आणि परवाना घ्यावा लागतो. तरीही हॅम परीक्षा अवश्य द्या. बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलालाही ती देता येते. किल्लारीच्या १९९३ च्या आणि भुजच्या २००१ च्या भूकंपानंतर हॅम मंडळींनी निरोप पोचवण्याचे मोठे काम केले होते. मात्र पुढच्या सरावाआधी तुमच्या पाचही संचांचे कागद कोणाच्या नावावर आहेत, ते पाहून घ्या.